थंड समुद्रातले ते भलेमोठे गूईडक शिंपले कसे काढतात, आणि त्यांची शेती खरंच होते का?

हो होते, अमेरिकेच्या वॉशिंग्टन राज्यात प्युजेट साउंड या खाडीच्या किनाऱ्यावर चांगली व्यावसायिक शेती चालते. नाव जिओडक असं लिहितात पण म्हणायचं गूईडक, तिथल्या मूळ रहिवाशांच्या लुशूटसीड भाषेतून आलंय ते.

हॅचरीत पिल्लं तयार करतात, मग ओहोटीला उघड्या पडणाऱ्या वाळूत पीव्हीसी पाईपचे तुकडे अर्धवट रोवून प्रत्येकात तीन-चार पिल्लं सोडतात आणि वरून जाळी, नाहीतर खेकडे आणि स्टारफिश काही शिल्लक ठेवत नाहीत. एक-दोन वर्षांनी शिंपला खोल गेला की पाईप काढून घेतात. त्यानंतर फक्त वाट बघायची, एकूण पाच ते सात वर्षं! म्हणजे पैसा तेवढा काळ वाळूतच अडकलेला, हे आधी नीट समजून घ्या.

काढताना फावड्याने खणत बसत नाहीत, कारण तो जवळजवळ तीन फूट खाली असतो आणि कवच नाजूक, फुटला की भाव गेला. पाण्याचा फवारा सोडून वाळू सैल करतात आणि हाताने अलगद वर ओढतात. जंगली गूईडक पाणबुडे समुद्रतळावरून असेच काढतात, पण त्याचा कोटा ठरलेला असतो आणि 1994 च्या कोर्टाच्या निकालानुसार निम्मा वाटा तिथल्या आदिवासी जमातींचा. हे मला फार योग्य वाटतं. शिवाय हा प्राणी शंभरच्या वर वर्षं जगतो, त्यामुळे बेसुमार काढला तर साठा भरून यायला पिढ्या लागतील.

बराचसा माल जिवंतच चीन आणि हाँगकाँगला जातो.