रांगेतून जा

पोरी,

काल संध्याकाळी रंकाळ्यावर भेळ खाताना तू अर्धं बोललीस आणि उरलेलं रात्री साडेअकराला मोबाईलवर पाठवलंस. दोन्ही जोडून मला समजलं ते असं. मुंबईला चाहत्यांचं संमेलन आहे, त्याचं तिकीट तू काढलंयस. तुझ्या त्या मालिकेतला नट येणार, सोबत आणखी दोघं. आत गेल्यावर फोटोचे पैसे वेगळे, सहीचे वेगळे. दोन्ही घेतलंस तर शिकवण्या करून साठवलेलं सगळं संपतंय. त्यात ओळखीतला कुणी पोरगा म्हणाला, स्वयंसेवकाचा टी-शर्ट आणि गळ्यातलं कार्ड देतो, मागच्या दारानं ये, नट बसतात तिथंच उभी राहा. आणि तू विचारतेस, काका, काय करू?

काय करू म्हणजे? रांगेतून जा.

एवढंच लिहून थांबणार होतो. पण तू लगेच 'असं का' म्हणून दारात उभी राहणार, म्हणून लिहितोय.

तुझं म्हणणं मला मान्य आहे. तीन तास उभं राहायचं, मग जमिनीवर चिकटपट्टी लावलेल्या जागी जायचं, नटाशेजारी थांबायचं, फ्लॅश पडायचा आणि 'पुढचे' म्हणून हाक यायची. दहा सेकंदसुद्धा नाहीत. पण त्या सेकंदांत तो माणूस तयार असतो, हे तुझ्या लक्षात येत नाही. त्यानं तोंड धुतलंय, केस विंचरलेत, आता अनोळखी माणसं येणार हे त्याला ठाऊक आहे. तू पैसे मोजतेस ते त्या तयारीचे. मागच्या दारानं गेलीस तर तो तयार नसतो. तयार नसलेल्या माणसाला बघणं म्हणजे काय, हे मला माहीत आहे, म्हणून हा खटाटोप.

तेव्हा मी तुझ्याच वयाचा. दूरदर्शनवर रामायण लागलं की गल्ली ओस पडायची, ते दिवस. माझा आवडता नट मात्र वेगळा, मराठी मालिकेतला. तो नाटक घेऊन जिल्ह्यातल्या एका थिएटरात आला. चहा पोचवणारा पोरगा माझा दोस्त. मध्यंतरात त्याच्या हातातली किटली मी घेतली आणि रंगपटात घुसलो. नट बनियनवर बसला होता. टोप काढून टेबलावर ठेवलेला, पाय गरम पाण्याच्या बादलीत, अंगात ताप. समोर ठेकेदार नाइटच्या पैशावरून त्याला काहीबाही बोलत होता. मी दिसलो आणि त्या माणसानं काय करावं? बादलीतून सुजलेले पाय काढले, उभा राहिला, चेहऱ्यावर मालिकेतलं ते हसू आणलं आणि त्याच आवाजात मला विचारलं, 'काय म्हणतंय कोल्हापूर?' ओल्या फरशीवर उभा. माझ्यासाठी.

मी सही मागितली. दुसरं काही सुचलंच नाही. त्यानं दिली. ती वही पुढं कुठं गेली मला माहीत नाही, पण ती ओली फरशी अजून दिसते.

त्यानंतर मी हौशी मंडळाच्या व्यवस्थेत लागलो आणि आपणहून रंगपटाच्या दारावर उभं राहायला लागलो. बावीस वर्षं. नगरसेवकाचे पाहुणे आले, डॉक्टर आले, एक फौजदार आला. सगळ्यांना एकच सांगितलं, प्रयोग झाल्यावर बाहेर रांग लागेल, रांगेतून या. लोक मला खडूस म्हणायचे. म्हणू देत.

आता तू म्हणशील, काका, तुमच्या वेळी फुकट होतं, आता रांगेलाही पैसे पडतात. पडतात, आणि ते मलाही आवडत नाही. पण दोन्ही घे असं मी कुठं म्हटलंय? फोटो सोड, सही घे. सहीच्या टेबलावर निदान तो बसलेला असतो, मान वर करून बघतो, एखादं वाक्य बोलता येतं. नाव चिठ्ठीवर मोठ्या अक्षरात इंग्रजीत लिहून ने, तुझ्या नावाचं स्पेलिंग त्याला काय कळणार. शाईचा मार्कर स्वतःचा ठेव. खांद्यावर हात टाकायचा असेल तर आधी विचार. आणि 'मी तुमची फार मोठी फॅन आहे' हे वाक्य बोलू नकोस, ते त्या दिवसात त्यानं चारशे वेळा ऐकलेलं असतं. त्याच्या कामातली एक जागा सांग. कुठल्या भागात तो दार लावताना थांबला आणि तुला काय वाटलं, तेवढं.

हो, आणि बोलताना 'मी कोल्हापूरहून आलो' असंच म्हणशील तू. मुंबईच्या पोरी हसतील, मुलगी असून 'आलो' म्हणते म्हणून. बदलू नकोस.

खासबाग तू शंभर वेळा बघितलंयस, पण कधी विचार केलायस का? शाहू महाराजांनी ते मैदान 1912 साली बांधून घेतलं, बशीसारखं खोलगट. लांब बसलेल्यालाही कुस्ती दिसावी म्हणून. पार वरच्या पायरीवर बसलेला हमालसुद्धा डाव बघून बोलू शकतो. अशा गावातली पोरगी तू आणि तुला मागचं दार पाहिजे?

वसगड्याला राणादाच्या मालिकेचं शूटिंग चालायचं तेव्हा मी तुझ्या काकूला घेऊन गेलो होतो. वाड्याबाहेर ही गर्दी. जीप, रिक्षा भरून माणसं आलेली, लहान पोरं खांद्यावर. कुणी भिंतीवर चढलेलं, कुणी 'आमचे पाहुणे आत आहेत' म्हणून हुज्जत घालत होतं. आम्ही लांब झाडाखाली बसलो. शेजारी दोन बहिणी होत्या, लांबच्या गावाहून आलेल्या. मालिकेतल्या सासूवरून त्यांच्यात जे भांडण लागलं ते ऐकून काकू डोळ्यांतून पाणी येईतोवर हसली. नट काही दिसला नाही. पण त्या बहिणींचा दिवाळीला अजून फोन येतो.

तूच मला सांगितलंयस ना स्टार ट्रेकचं? मालिका 1969 ला बंद पडली, आणि 1972 च्या जानेवारीत न्यूयॉर्कला चाहत्यांनीच संमेलन भरवलं. काही शे लोक येतील असा अंदाज, आले तीन हजारांवर. मालिकेतले मोठे नट नव्हतेच तिथं. तरी लोक आले. कुणाला भेटायला आले असतील ते? एकमेकांनाच की! तुझ्या त्या नटाच्या मालिकेवर तासभर बोलेल असं माणूस कोल्हापुरात तुला एक तरी सापडलंय का? कार्ड लटकवून मागच्या बाजूला उभी राहिलीस तर तिथं तुझ्याशी कोण बोलणार आहे? खुर्च्या उचलायला लावतील. तुझी माणसं बाहेर रांगेत उभी असतील. रांगेतून जा.

आता एक गोष्ट, जी तुला सांगायची नव्हती.

काकूची एक आवडती नटी होती. तिचं नाटक आपल्या केशवराव भोसले नाट्यगृहात लागलं आणि दारावर मी. मध्यंतरात काकू आली. नवी साडी, हातात गजरा. म्हणाली, दोन मिनिटं, गजरा देते आणि निघते. मी म्हणालो, प्रयोग झाल्यावर रांगेतून ये. सगळ्यांसमोर म्हणालो. पडदा पडला आणि ती मंडळी मेकअपसकट बसमध्ये बसली, दुसऱ्या दिवशी दुपारचा प्रयोग बेळगावला. रांग लागलीच नाही. काकू गजरा घेऊन घरी आली आणि देवीच्या फोटोला घातला. ती नटी पुढं वारली.

माझं चुकलं नाही. बायकोला सोडलं असतं तर उद्या कुणाच्या तोंडावर दार लावणार होतो? नियम घरच्यांना नाही तर तो नियम कसला? हे मी काकूला सांगितलंय, एकदा नाही, बरेचदा. ती फक्त 'होय' म्हणते. गजरा मी आत नेऊन देऊ शकलो असतो, हे मला घरी परतताना सुचलं. पण ते वेगळं.

2024 च्या 8 ऑगस्टला रात्री नाट्यगृह पेटलं, केशवरावांच्या जयंतीच्या आदल्या दिवशी. मी चालत गेलो. पुढं जाऊ देत नव्हते. एका ओळखीच्या पोरानं हाक मारली, काका तुम्ही या की पुढं, तुमचंच आहे हे. मी गेलो नाही. तत्त्व वगैरे काही नाही, बघवलं नसतं.

तर त्या पोराला आजच निरोप दे, कार्ड नको म्हणून. जमणार नसेल तर माझ्याकडून द्यायला सांगू नकोस, तुझं तू सांग. महालक्ष्मी एक्स्प्रेस रात्री सुटते आणि सकाळी मुंबईला पोचवते, मुक्कामाचा एक खर्च वाचेल. सोबत भडंग ने, पिशवी मोठी ने, रांगेत मागचे-पुढचे खाणारच.

हे पत्र काकूनं आत्ता वाचलं. चष्मा काढून ठेवला आणि म्हणाली, तिला विचारा, त्या संमेलनाचं आणखी एक तिकीट मिळतंय का. मालिका तिला माहीत नाही. मी म्हणालो, अगं, उभं राहायला लागतं तीन तास. म्हणाली, राहीन.

मिळत असेल तर बघ आणि कळव. पैसे मी देतो. स्टेशनवर सोडायलाही येईन.

तुझा,
काका