शिक्षक संघटनेच्या कार्यकारिणीसाठी पहिल्यांदाच उभी राहतेय. प्रचार कसा करावा आणि मतदान ऑनलाइन घ्यावं का?

तुम्ही लिहिलंय की शैक्षणिक तंत्रज्ञान शिकवणाऱ्या शिक्षकांची तुमची संघटना आहे, दीडेकशे सभासद आहेत, तीन महिन्यांवर निवडणूक आली आहे आणि काही जण ऑनलाइन मतदानाचा आग्रह धरताहेत. प्रचाराचं नंतर बघा. आधी मतदार यादी मागा. तिच्यात स्वतःचं नाव बघा, मग सूचकाचं, अनुमोदकाचं, आणि मग 'आमचं मत तुम्हालाच' म्हणणाऱ्या एकेकाचं. मी हे केलं नव्हतं, म्हणून एवढं लांबलचक लिहितोय.

मी गोव्यातला, केपे तालुक्यातल्या एका हायस्कुलात कॉम्प्युटर शिकवतो. शिकवतो म्हणायचं आपलं. निम्मा दिवस यूडायसची, म्हणजे सरकारच्या शाळा-नोंदीची, माहिती भरण्यात जातो आणि उरलेला 'सर, प्रिंटर चलना' ऐकण्यात. आमच्यासारख्यांची राज्यभराची संघटना आहे. नाव सांगत नाही, कारण अजून सभासद आहे. कंत्राटावरच्यांचे पगार, लॅबमधल्या मेलेल्या बॅटऱ्या, कोडिंग-रोबोटिक्स आल्यापासून सहावी ते आठवीचं वाढलेलं काम, हे सगळं घेऊन पर्वरीला शिक्षण खात्यात जायचं तर निवडून आलेलं कुणीतरी लागतं. आमच्याकडे ते कुणीतरी म्हणजे वर्षानुवर्षं म्हापसा-पणजीकडचे तेच नऊ जण. निवडणूक बिनविरोध. सभेला गणपूर्ती नाही म्हणून सभा तहकूब, अर्ध्या तासाने त्याच खुर्च्यांवर तीच सभा, आता गणपूर्तीची अट नाही, बटाटवडा, चहा, आभार.

करोनानंतरच्या पहिल्या निवडणुकीत दक्षिणेतल्या आम्ही सहा जणांनी अर्ज भरले. काणकोणचे दोघे, सांग्याचा एक, केप्याचे तिघे. मी सचिवपदाला. बिनविरोधची सवय झालेल्या माणसांना निवडणूक घ्यावी लागणार म्हटल्यावर पहिला प्रश्न पडला तो मतदान कसं घ्यायचं. तेव्हाचे सचिव म्हणाले, गुगल फॉर्मवर घेऊ. पोरांना कोडिंग शिकवणारे आपण, आता चिठ्ठ्या मोडत बसायचं का?

इथे मी पेटलो. फॉर्म ज्याच्या खात्यावर, त्याला सगळी उत्तरं दिसतात. ईमेल गोळा केला तर कोणी कोणाला मत दिलं तेही दिसतं, मग गुप्त मतदान कसलं? ईमेल गोळा केला नाही आणि 'एकाला एकच उत्तर' ही अट लावली, तरी ज्याची चार जीमेल खाती आहेत तो चार मतं टाकणार. आणि कॉम्प्युटर शिक्षकाची चार खाती नसतील तर कोणाची असतील! खातं सचिवांचं, सचिव स्वतः उमेदवार. मी ग्रुपवर लिहिलं, २०१७च्या विधानसभेला गोव्याच्या चाळीसही मतदारसंघांत व्हीव्हीपॅट, म्हणजे दिलेलं मत चिठ्ठीवर छापून दाखवणारं यंत्र, होतं, आपल्यातले निम्मे तेव्हा ड्युटीवर होते. काचेमागे ती चिठ्ठी सात सेकंद दिसायची आणि मग खाली पडायची. निवडणूक आयोगाला मशीनला कागद जोडावासा वाटतो, आणि आपण कागद काढून टाकणार? जर्मनीच्या घटना न्यायालयाचा २००९ सालचा निकालही टाकला. मतमोजणी सामान्य माणसाला कसल्याही तांत्रिक ज्ञानाशिवाय पडताळता आली पाहिजे, असं त्यात म्हटलंय. त्यावर एकाने हात जोडल्याची इमोजी टाकली.

तीन आठवडे हे चाललं. रात्री अकरा-अकरा वाजेपर्यंत. शेवटी ते कंटाळले आणि कागदाला हो म्हणाले. मी जिंकलो असं मला वाटलं.

मतपेटीही मीच करणार असं सांगितलं. पारदर्शक हवी हा माझाच हट्ट. आमच्या शाळेच्या सायन्स लॅबमध्ये जुनं फिशटँक पडून होतं, मासे केव्हाच गेलेले, तळाला शेवाळाचा हिरवा पट्टा. दोन दिवस घासलं तरी तो पट्टा पूर्ण गेला नाही. वरून जाड पुठ्ठ्याचं झाकण, ब्लेडने पाडलेली चीर, चारी बाजूंनी कागदी पट्ट्या आणि उमेदवारांच्या सह्यांसाठी जागा. मतपत्रिका दोन रंगांच्या, पदाधिकाऱ्यांसाठी पिवळी आणि सदस्यांसाठी पांढरी. ऑगस्टमधला रविवार, बाहेर धो-धो पाऊस, आणि मी ते फिशटँक प्लास्टिकमध्ये गुंडाळून कदंबाच्या सरकारी बसमध्ये मांडीवर घेऊन फोंड्याला निघालेलो. कंडक्टर म्हणाला, मासे मेले काय सर?

फोंडा का, तर उत्तर टोकाच्या पेडण्यालाही लांब आणि दक्षिण टोकाच्या काणकोणलाही लांब, म्हणजे सगळ्यांना सारखंच लांब.

सभागृहाच्या दारात टेबल, टेबलावर ए-फोर कागदांची यादी, शेजारी लाल पेन घेऊन खजिनदार. साडेदहाच्या सुमारास काणकोणच्या एक टीचर आल्या. पहाटेची बस, करमल घाटातलं धुकं, मडगावला बस बदलून फोंडा. छत्री दाराला टेकवून त्यांनी नाव सांगितलं. खजिनदारांनी पेनाचं टोक यादीवरून खाली नेलं, परत वर आणलं.

"तुमचें नांव ना हांगा."

टीचर काही बोलल्या नाहीत. मोबाइलच्या कव्हरमध्ये मागे चार घड्या घातलेली पावती होती ती काढली, उलगडली आणि टेबलावर ठेवली. पावती क्रमांक १७८, वार्षिक वर्गणी रुपये तीनशे फक्त. खजिनदारांनी ती उजेडाकडे धरून बघितली आणि म्हणाले, पावती बरोबर आहे, पण तारीख आठ एप्रिल आहे. एकतीस मार्चपर्यंत वर्गणी नाही तर मत नाही, संघटनेच्या घटनेत आहे.

त्या दिवशी असे सतरा जण निघाले. सगळे काणकोण, सांगे, केपे आणि धारबांदोड्याचे. बार्देश-तिसवाडीचा, म्हणजे म्हापसा-पणजीकडचा, एकही नाही. मी आरडाओरडा केला, निवडणूक अधिकारी म्हणून बसवलेले निवृत्त मुख्याध्यापक म्हणाले, मला जी यादी दिली तिच्यावर मी चालणार. सतरा जण बाहेरच्या बाकांवर बसून राहिले. आत माझ्या पारदर्शक पेटीत पिवळे-पांढरे कागद पडताना काचेतून छान दिसत होते. मोजणी अगदी निर्दोष झाली, एक मत बाद, त्यावरही दोन्ही बाजूंचं एकमत. मला ३८, समोरच्या उमेदवाराला ४९. बेरीज तुम्हीच करा.

आता त्यांचं ते 'घटनेत आहे'. खजिनदारांशी माझा वाद आहे तो इथे. संस्था नोंदणी अधिनियम १८६०, आमची संघटना याखालीच नोंदलेली आहे, तुमचीही बहुधा असेल. त्याच्या कलम १५ मध्ये असं आहे की ज्याची वर्गणी त्या वेळी तीन महिन्यांहून जास्त थकलेली आहे, त्याला मत नाही आणि त्याला सभासद म्हणून मोजायचंही नाही. 'त्या वेळी' हे शब्द महत्त्वाचे. ऑगस्टमध्ये या सतरा जणांकडे एक रुपयाही थकलेला नव्हता. खजिनदारांचं म्हणणं, कायद्यात आहे ती किमान अट, संघटना स्वतःच्या घटनेत जास्त कडक अट घालू शकते. माझा मेव्हणा मडगावला वकिली करतो. त्याने दोघांचं ऐकून घेतलं आणि म्हणाला, दोन्ही बाजूंनी भांडता येईल. वकिलाला काय, दोन्ही बाजूंनी फी.

पण घटनेत नेमकं काय आहे, हे तर बघायला हवं ना? खजिनदारांकडे मागितली तर 'शोधतो' म्हणाले. दोन महिने शोधत होते. त्याच अधिनियमाच्या कलम १९ प्रमाणे संस्थांची नोंदणी करणाऱ्या निबंधकाकडे दाखल असलेली कागदपत्रं कोणीही बघू शकतो. मूळ कायद्यात बघण्याची फी एक रुपया आणि नकलेला दर शंभर शब्दांना दोन आणे लिहिलेली आहे. १८६० सालचा कायदा तो! अर्ज केला, फेऱ्या मारल्या, नक्कल मिळाली. आमच्या घटनेत वाक्य एवढंच: सभासदाने वार्षिक वर्गणी ३१ मार्चपर्यंत भरावी. भरावी. नाही भरली तर मत जाईल असं त्या पानावर नाही, पुढच्या पानावर नाही, कुठेच नाही. पुढच्या सर्वसाधारण सभेत मी उभं राहून ते वाचून दाखवलं. इतिवृत्तात नोंद आली: 'सभासदांच्या सूचनेची नोंद घेण्यात आली.'

तर तुम्ही आज काय करायचं ते सांगतो. घटनेची नक्कल खजिनदारांकडे मागू नका, निबंधकांच्या कार्यालयातून काढा. तिथेच कार्यकारिणीची दाखल केलेली यादीही बघा. वार्षिक सभा झाली की चौदा दिवसांत ती दाखल करायची असते, कलम ४. बऱ्याच संघटना करत नाहीत, आणि ज्यांनी तीन-तीन वर्षं यादी दिलेली नाही ते तुम्हाला आठ दिवसांच्या उशिराबद्दल शिकवतील. मतदार यादी निवडणुकीच्या निदान महिनाभर आधी जाहीर करून तिच्यावर हरकती घ्या, असं लेखी पत्र द्या. पोच घ्या. वर्गणी रोख देऊ नका. द्यावीच लागली तर पावतीवर तारीख डोळ्यांदेखत घालून घ्या.

हे शेवटचं वाक्य मी खजिनदारांसाठी लिहिलंय असं वाटेल. ते माझ्यासाठी आहे. पावती पुस्तक क्रमांक चार, १५१ ते २००, माझ्याकडे होतं. मार्चच्या शेवटच्या आठवड्यात मडगावला प्रशिक्षण होतं, तिथे दक्षिणेतल्या लोकांनी माझ्या हातात पैसे दिले. प्रत्येकाचे तीनशे रुपये मी पाकिटात घातले, नावं डायरीत लिहिली, पावत्या सवडीने फाडू म्हटलं. मग वार्षिक परीक्षेचे पेपर आले. आठ एप्रिलला एका बैठकीत सगळ्या पावत्या लिहिल्या आणि त्या दिवशीची तारीख घातली. १७८ वरची सही माझीच आहे. टीचरनी पैसे वेळेत दिले होते. खजिनदारांचा अर्थ चुकीचा होता हे मी अजूनही म्हणेन, पण त्यांना धरायला शेपूट मी दिलं.

त्या दिवशी बाहेर जाऊन टीचरना हे सांगितलं. त्या पावतीची परत घडी घालत होत्या. "जांव दी सर," म्हणाल्या, आणि परतीच्या बसची वेळ विचारली.

तुमचे मूळ प्रश्न राहिले. प्रचार: ग्रुपवर जाहीरनामा टाकू नका, कोणी वाचत नाही. दीडशे सभासद म्हणजे दीडशे फोन, रोज दहा केले तरी पंधरा दिवसांत संपतात. फोनवर स्वतःबद्दल कमी बोला, त्यांच्या लॅबमध्ये काय बंद पडलंय ते विचारा. आणि पहिला प्रश्न, वर्गणी भरली का, पावती कुठाय.

ऑनलाइन: माझं मत वर आलंच. पण आमचा गोवा एका टोकाहून दुसऱ्या टोकाला एका दिवसात जाऊन परत येण्याएवढा. तुमचे सभासद पाच-सहा जिल्ह्यांत पसरलेले असतील तर कागदाचा हट्ट धरून तुम्ही अर्ध्या लोकांचं मत घालवाल. मग ऑनलाइन घ्या, पण खातं उमेदवाराचं नको, संघटनेबाहेरच्या माणसाचं हवं. प्रत्येकाला वेगळा सांकेतिक क्रमांक द्या, तो एकदाच चालला पाहिजे, आणि कोणता क्रमांक कोणाचा ही यादी फॉर्म सांभाळणाऱ्याच्या हाती देऊ नका. आणि मतदान कागदावर घेणार असाल तर फिशटँक अजून आमच्या लॅबमध्ये आहे. झाकणाची चीर जरा तिरकी आहे, कागद एकदाच दुमडावा लागतो.

यादी मिळाली की कळवा.