वाचनालयाच्या नोंदींविषयी एक पत्र

प्रिय,

अनेक आशीर्वाद. गावच्या वाचनालयाची जबाबदारी तू घेतलीस हे वाचून आनंद झाला. नोंदींसाठी कोहा ही संगणकप्रणाली घ्यावी की ई-ग्रंथालय ही, असे तू विचारले आहेस. काम दोन्हींवर चालते. परंतु वाचक पुस्तक कोणत्या शब्दाने मागेल याचा विचार झाल्यावाचून कोणतीही संगणकप्रणाली तुला तारणार नाही, म्हणून तो प्रश्न तूर्त बाजूला ठेवतो.

नोकरीच्या पहिल्या वर्षी एक डाळिंब बागाईतदार माझ्याकडे आले आणि तेल्या रोगावर काही आहे का, असे त्यांनी विचारले. वनस्पतींचे रोग म्हणजे ड्युई दशांश पद्धतीत, म्हणजे पुस्तकांना विषयवार अंक देण्याच्या पद्धतीत, ६३२, हे मला पाठ होते. मी त्यांना मोठ्या तत्परतेने त्या कपाटापाशी नेले, आणि पाऊण तास पुस्तके चाळून ते रिकाम्या हाताने परत गेले. एका विशिष्ट पिकाचा रोग त्या पिकाबरोबरच लावायचा असतो. त्यामुळे डाळिंबाचे पुस्तक ६३४ मध्ये, फळबागांच्या रांगेत, दोनच कप्पे पलीकडे होते आणि त्यात तेल्यावर सबंध प्रकरण होते. मला ते दिसले पुढच्या ग्रंथपडताळणीत. वर्गांक अचूक होता. मात्र पुस्तकाची अनुक्रमणिका उघडून तालिकेत, म्हणजे पुस्तकांच्या नोंदपत्रकांच्या सूचीत, ‘तेल्या’ असे एक पत्रक घालावे, हे आमच्यापैकी कोणालाही सुचले नव्हते.

पुस्तकाला फळीवर एकच जागा मिळते, नोंदी मात्र हव्या तितक्या करता येतात. गणिताचे अध्यापन सोडून १९२४ साली मद्रास विद्यापीठाचे ग्रंथपाल झालेल्या रंगनाथन यांनी १९३३ च्या आपल्या द्विबिंदू वर्गीकरणात पीक आणि रोग हे एकाच विषयाचे वेगळे पैलू मानून त्यांचे अंक जोडण्याची सोय केली. ती पद्धत मला आजही अधिक बुद्धिमान वाटते, तरी तुझ्या संग्रहाला ड्युई पुरेल.

मराठीत नावांचा घोळ विषयांहून मोठा आहे. राम गणेश गडकरी नाटककार म्हणून गडकरी आणि कवी म्हणून गोविंदाग्रज. त्यांची नाटके ८९१.४६२ मध्ये, तर कविता ८९१.४६१ मध्ये. एका नावाखाली मुख्य नोंद करून दुसऱ्याखाली मुख्य नोंदीकडे वळवणारी ‘पाहा’ अशी नोंद ठेवली नाहीस, तर निम्मे गडकरी वाचकाला भेटणारच नाहीत. आद्याक्षरांचेही एकच वळण ठेव, ‘वि. वा.’ आणि ‘वि.वा.’ आपल्याला सारखेच दिसतात, पण मधली मोकळी जागा संगणकाला पुष्कळदा वेगळी वाटते.

पुढचे पंधरा दिवस देवघेवीच्या टेबलावर स्वतः बस आणि प्रत्येक मागणी वाचकाच्या तोंडच्या शब्दांत, जराही न सुधारता, वहीत उतरवून घे. ती वही मला पाठव. प्रणालीचे त्यानंतर बोलू.

तुझा,
एक जुना ग्रंथपाल