खानदेशात राहून इकॉलॉजिस्ट (परिसंस्थांचा अभ्यासक) होता येतं का?

येतं की! विषयासाठी तर लांब जायलाच नको. आपला रानपिंगळाच घ्या, हा एक छोटा घुबड-पक्षी. १८८४ नंतर त्याचा खात्रीचा पुरावा नव्हता. १९१४ चा म्हणून दाखवला जाणारा नमुना तर चोरीचा निघाला, वर खोटी चिठ्ठी लावलेली! अमेरिकन पक्षीतज्ज्ञ पामेला रासमुसेन यांनी संग्रहालयांतले नमुने तपासून हे उघडकीस आणलं आणि नोव्हेंबर १९९७ मध्ये त्यांना व सहकाऱ्यांना शहाद्याजवळ जिवंत पक्षी दिसला. साध्या पिंगळ्याचं डोकं पांढऱ्या ठिपक्यांनी भरलेलं असतं, याच्या डोक्यावर ते जेमतेम. शिवाय हा दिवसाढवळ्या उघड्या फांदीवर बसतो.

वाट अशी: प्राणिशास्त्र किंवा वनस्पतिशास्त्रात बीएस्सी, एमएस्सी, मग नेट-जेआरएफ (संशोधनासाठी शिष्यवृत्ती मिळवून देणारी राष्ट्रीय परीक्षा) आणि पीएचडी. देहरादूनच्या भारतीय वन्यजीव संस्थेची प्रवेश परीक्षाही द्या. प्राध्यापकी लगेच मिळत नाही, मधली काही वर्षं प्रोजेक्टवर जातात. घरी आधीच सांगून ठेवा. संख्याशास्त्र पक्कं करा, भल्याभल्यांची गाडी तिथंच अडते.

सातपुड्यात काम करायचं तर पावरी किंवा भिली या तिथल्या आदिवासी बोलींपैकी एखादी थोडी तरी यायला हवी. यावल अभयारण्यात संशोधनाला वनखात्याची लेखी परवानगी लागते, अर्ज वेळेत टाका.