सात लाख हाती आले. सगळे गृहकर्जात भरावेत का?

प्रश्न : आम्ही नागपुरात बेसा भागात राहतो. ऑगस्ट २०२१ मध्ये २८ लाखांचे गृहकर्ज २० वर्षांच्या मुदतीने घेतले. तेव्हा व्याजदर ६.९ टक्के आणि हप्ता २१,५४१ रुपये होता. पुढे दर ९.४ टक्क्यांपर्यंत गेला आणि बँकेने हप्ता २३,००० केला. आता दर ८.१५ टक्के आहे. साडेचार वर्षे एकही हप्ता न चुकवता भरूनही २६ लाख ३० हजार बाकी आहेत आणि विवरणपत्रात २२१ हप्ते शिल्लक दिसतात. यजमान ४४ वर्षांचे असून बुटीबोरीच्या एका कारखान्यात आहेत. हातात ६२,००० येतात आणि निवृत्ती ५८ व्या वर्षी आहे. मी खासगी शाळेत शिकवते, मला १८,००० मिळतात. मुलगी नववीत, मुलगा चौथीत आहे. सासूबाईंची औषधे धरून घरखर्च ४०,००० होतो. सासऱ्यांच्या आजारपणात पतसंस्थेतून १४ टक्क्यांनी काढलेल्या कर्जाचे १ लाख १० हजार अजून बाकी आहेत, त्याचा हप्ता ४,५०० आहे. शिल्लक म्हणाल तर ८० हजारांची एक मुदत ठेव. काटोलपासून ११ किलोमीटरवरच्या गावची संत्र्याची बाग विकली गेली आणि यजमानांच्या वाट्याला ७ लाख आले. सगळे गृहकर्जात भरून मोकळे व्हावे, असे त्यांचे म्हणणे आहे. सासूबाई नातीच्या लग्नासाठी सोने घ्या म्हणतात. मला मात्र हातात काहीच न ठेवण्याची भीती वाटते. आपला सल्ला हवा आहे.
— एक वाचक, बेसा, नागपूर

उत्तर : तुमची भीती रास्त आहे, आणि यजमानांची घाईही चुकीची नाही. रकमेची वाटणी कशी करायची, एवढाच प्रश्न आहे.

आधी २२१ या आकड्याविषयी, कारण तुमच्या पत्रातली खरी दुखरी जागा तीच आहे. साडेचार वर्षांत तुम्ही सुमारे १२ लाख रुपये भरले आणि मुद्दल उतरले अवघे १ लाख ७० हजारांनी. यात बँकेने काही लबाडी केलेली नाही. तुमचे कर्ज रेपो दराशी, म्हणजे रिझर्व्ह बँक ज्या दराने बँकांना पैसे देते त्या दराशी, जोडलेले दिसते. तो दर मे २०२२ पर्यंत ४ टक्के होता आणि फेब्रुवारी २०२३ मध्ये ६.५ टक्क्यांवर पोहोचला. तुमचा दरही तेवढाच, म्हणजे अडीच टक्के चढला. ९.४ टक्क्यांच्या दराने २७ लाखांवर महिन्याचे व्याजच २१ हजारांच्या वर होते, त्यामुळे २३,००० च्या हप्त्यातले जेमतेम १,८५० रुपये मुद्दलात जमा होत होते. हप्ता फारसा वाढला नाही म्हणून घरात कुणाला झळ जाणवली नाही, पण मुदत मात्र मागच्या दाराने लांबत गेली. दर वाढला की हप्ता वाढवायचा, मुदत वाढवायची की दोन्ही थोडे थोडे, हे निवडण्याची मुभा कर्जदाराला दिली पाहिजे, असा नियम रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट २०२३ मध्ये केला. तोवर तुमची निवड बँकेने परस्पर करून टाकलेली होती. आजच्या हिशेबाने यजमान बासष्टी ओलांडतील तेव्हा शेवटचा हप्ता जाईल, आणि पगार अठ्ठावन्नाव्या वर्षी थांबेल. ही चार वर्षांची दरी बुजवणे, हे या सात लाखांचे पहिले काम आहे.

मात्र सुरुवात गृहकर्जापासून करू नका. पतसंस्थेचे १४ टक्क्यांचे कर्ज उभे ठेवून ८.१५ टक्क्यांचे फेडणे म्हणजे महागाची उधारी ठेवून स्वस्ताची चुकती करणे होय. १ लाख १० हजार भरून ते खाते आधी बंद करा आणि येणे बाकी नसल्याचा दाखला लेखी घ्या. यामुळे दरमहा ४,५०० रुपये मोकळे होतात. त्यांच्याकडे आपण पुन्हा येऊ.

त्यानंतर १ लाख ९० हजार बाजूला ठेवा. तुमच्या ८० हजारांच्या ठेवीसह ही रक्कम २ लाख ७० हजार होते, आणि पतसंस्थेचा हप्ता गेल्यावर घराचा महिन्याचा एकूण खर्च ६३ हजार उरतो, म्हणजे चार महिन्यांहून थोडी अधिक तरतूद झाली. एकाच पगारावरच्या घराला मी सहा महिन्यांपेक्षा कमी सांगत नाही. तुमच्याकडे दोघे कमावते आहात, म्हणून सुरुवातीला एवढे पुरेल. यजमानांना हे पटवून देताना एक गोष्ट सांगा. गृहकर्जात भरलेला पैसा साध्या खात्यातून परत मिळत नाही. सगळे सात लाख भरले आणि सहा महिन्यांनी सासूबाईंना रुग्णालयात दाखल करावे लागले, तर तुम्ही पुन्हा त्याच पतसंस्थेच्या दारात १४ टक्क्यांनी उभे राहाल. याला आगीतून फुफाट्यात जाणे म्हणतात. काही बँकांकडे ओव्हरड्राफ्ट पद्धतीचे गृहकर्ज असते. त्यात जादा भरलेली रक्कम गरजेला काढता येते आणि खात्यात असेपर्यंत तिच्यावरचे व्याज वाचते. तुमची बँक कर्ज त्या प्रकारात बदलून देते का आणि त्यासाठी दर किती वाढतो, हे विचारून पाहण्यास हरकत नाही.

उरलेले ४ लाख गृहकर्जात भरा. इथे एक निवड करावी लागते आणि बहुतेक लोक ती न वाचताच सही करतात. रक्कम भरल्यावर हप्ता कमी करून मुदत तीच ठेवता येते, किंवा हप्ता तोच ठेवून मुदत कमी करता येते. तुम्ही पहिला मार्ग घेतला तर हप्ता १९,५०० च्या आसपास येईल आणि संपूर्ण काळात सुमारे पावणेचार लाखांचे व्याज वाचेल. दुसरा मार्ग घेतला तर हप्ता २३,००० च राहील, पण २२१ ऐवजी सुमारे १५९ हप्ते उरतील आणि वाचणारे व्याज जवळजवळ १० लाख ४० हजार असेल. चार लाख तेच, बँक तीच. फरक फक्त अर्जातल्या एका खुणेचा. शिवाय दुसऱ्या मार्गाने कर्ज यजमानांच्या सत्तावन्नाव्या वर्षी, निवृत्तीच्या आधीच संपते. म्हणून अर्जात स्पष्ट लिहा की ही रक्कम मुद्दलात वळती करावी, हप्ता कायम ठेवावा आणि मुदत कमी करावी. आठवड्याभराने नवे परतफेडीचे वेळापत्रक मागून घ्या आणि शिल्लक मुद्दल २२ लाख ३० हजारांच्या आसपास दिसते ना, ते पाहा. जादा रक्कम पुढच्या हप्त्यांपोटी आगाऊ म्हणून पडून राहिल्याचे प्रकार माझ्याकडे येणाऱ्या पत्रांत असतात.

आता ते मोकळे झालेले ४,५०० रुपये. त्यातले २,००० हप्त्यात वाढवून तो २५,००० करा. मग उरलेले हप्ते १३८ च्या आत येतात, म्हणजे साडेअकरा वर्षांत घर कर्जमुक्त. बाकीच्या २,५०० ची आवर्ती ठेव सुरू करा, कारण तुम्ही पत्रात लिहिला नसला तरी नागपूरच्या घरात एप्रिल ते जुलै हा खर्चाचा वेगळाच हंगाम असतो. कूलरचे वीजबिल, मग विदर्भातल्या शाळा जूनच्या अखेरीस उघडल्या की दोन मुलांची फी, वह्यापुस्तके आणि गणवेश, शिवाय सोसायटीचा देखभाल खर्च, हे सगळे लागोपाठ येते. वर्षाला जमणारे ३० हजार त्यासाठीच आहेत. मुलगी अकरावीत जाईल तेव्हा शिकवणीची फी भरावी लागेल. हिशेबाप्रमाणे तुमच्याकडे दरमहा आणखी १२,५०० उरायला हवेत, तिच्या शिकवणीची तरतूद त्यातून आत्तापासून करा. ते उरत नसतील, तर घरखर्चाचा ४०,००० हा आकडा खरा नाही; तीन महिने वहीत लिहून पाहा.

आयकरात सवलत मिळते म्हणून कर्ज ठेवावे, असे कुणी सांगेल. नव्या करपद्धतीत स्वतः राहत असलेल्या घराच्या व्याजाची वजावट मिळत नाही, आणि १२ लाखांपर्यंतच्या उत्पन्नावर सवलतीमुळे तुम्हा दोघांनाही कर लागत नसावा. तेव्हा तो युक्तिवाद तुमच्यापुरता निकालात निघतो. जमिनीच्या पैशाबाबत म्हणाल, तर काटोलएवढ्या लोकसंख्येच्या नगरपरिषदेच्या हद्दीपासून दोन किलोमीटरपलीकडची शेतजमीन भांडवली मालमत्ता धरली जात नाही, त्यामुळे त्यावर भांडवली नफ्याचा कर लागत नाही. खरेदीखताची प्रत मात्र जपून ठेवा.

पैसे भरायला बँकेत जाल तेव्हा व्याजदराचाही विषय काढा. नव्या ग्राहकाला आज कोणता दर देता, असे सरळ विचारा. तो तुमच्याहून कमी असेल, तर ठरावीक शुल्क घेऊन बँका जुन्या ग्राहकाचा दर सहसा उतरवून देतात. तुमच्या मूळ बाकीवर ८.१५ चे ७.५ झाले असते, तर त्याच हप्त्यात एकट्या त्या बदलाने २० हप्ते कमी झाले असते.

विम्याबद्दल तुम्ही काहीच लिहिलेले नाही. यजमानांचे काही बरेवाईट झाले तर १८,००० च्या पगारात २५,००० चा हप्ता कसा जाईल, हा प्रश्न अप्रिय असला तरी विचारावा लागतो. कर्जाबरोबर विमा घेतला होता का ते पाहा. नसेल तर किमान कर्जाच्या रकमेएवढा शुद्ध मुदत विमा (मुदतीत मृत्यू झाला तरच पैसे देणारा) घ्या. वैयक्तिक आयुर्विम्याच्या हप्त्यावरचा जीएसटी सप्टेंबर २०२५ पासून शून्य झालेला आहे.

सासूबाईंच्या सोन्याबद्दल : त्यांचा शब्द मोडवत नसेल, तर धनत्रयोदशीला नातीसाठी एखादे हलके वळे घ्या. ते बोनसमधून घ्या, या सात लाखांतून नको.

प्रश्न : माझ्या गृहकर्जाचे १४ हप्ते उरले आहेत, बाकी ३ लाख, दर साडेआठ टक्के, फ्लोटिंग (बदलता). मुलीचे लग्न पाच महिन्यांवर आले आहे. भविष्य निर्वाह निधीचे पैसे मिळाले आहेत. कर्ज आताच संपवू का? शाखेत कुणीतरी दोन टक्के दंड लागेल असे सांगितले.
— एक वाचक, मानेवाडा, नागपूर

उत्तर : दंड लागत नाही. व्यक्तीने स्वतःच्या घरासाठी फ्लोटिंग दराने घेतलेल्या कर्जावर मुदतपूर्व फेडीचे शुल्क घेण्यास रिझर्व्ह बँकेने बँकांना २०१२ पासूनच मनाई केलेली आहे. शाखेत ते पुन्हा म्हणाले, तर लेखी मागा.

पण घाई कशासाठी? उरलेल्या १४ हप्त्यांत मिळून व्याज जाणार आहे सुमारे १६ हजार. वर उत्तर दिलेल्या वाचकांचे कर्ज कोवळे आहे, म्हणून तिथे चार लाखांनी दहा लाख वाचतात. तुमच्या कर्जातले बहुतेक व्याज आधीच देऊन झाले आहे. लग्नाच्या तोंडावर तीन लाख हातचे घालवून मंडपवाल्याला उधारीची विनंती करण्यापेक्षा हप्ते चालू ठेवा, आणि लग्न पार पडल्यावर जे उरेल त्यातून खाते बंद करा. कर्ज संपल्यापासून ३० दिवसांत बँकेने मालमत्तेची मूळ कागदपत्रे परत दिली पाहिजेत. तिच्या चुकीने उशीर झाल्यास दिवसाला ५,००० रुपये भरपाई द्यावी लागते. कागद घेताना मंजुरीच्या वेळची यादी सोबत न्या आणि एकेक पान जुळवून मगच पोच द्या.