'मलय' लोकांना हे नाव कुठून मिळालं? आपल्या मलय पर्वताशी त्याचा काही संबंध आहे का?

हे नाव आधी एका राज्याचं होतं, लोकांचं नंतर झालं. सुमात्रा बेटावर बातांग हारी नदीकाठी, आजच्या जांबी परिसरात, 'मलायू' नावाचं राज्य होतं. चिनी भिक्षू यिजिंग इ.स. 671 मध्ये भारताकडे निघाला, तेव्हा वाटेत सुमात्रावरच्याच श्रीविजय राज्यात सहा महिने संस्कृत व्याकरण शिकला आणि पुढे दोन महिने या मलायूत राहिला.

मला सगळ्यात मोलाचा वाटतो तो 1286 चा, सुमात्रातल्या पादांग रोचो इथला शिलालेख. जावाच्या कृतनगर राजाने अमोघपाशाची (बोधिसत्त्व अवलोकितेश्वराचं एक रूप) मूर्ती सुमात्राला भेट पाठवली. तिच्या बैठकीवर कोरलंय की मलायू भूमीची सारी प्रजा, ब्राह्मण, क्षत्रिय, वैश्य, शूद्र आणि राजा, या भेटीने आनंदली. इथे हा शब्द भूमीसाठी आलाय, हे नीट लक्षात घ्या.

अर्थाबद्दल मात्र एकमत नाही. जावानीज भाषेत 'म्लायू' म्हणजे धावणे. काही जण त्यावरून जोराच्या प्रवाहाच्या नदीकडे बोट दाखवतात. दुसरं मत तमिळ 'मलै', म्हणजे डोंगर, या शब्दाचं. आपला मलयगिरी, चंदनाचा, सह्याद्रीच्या दक्षिण टोकाचा, याच द्राविडी शब्दाशी जोडला जातो. पण निव्वळ उच्चारसाम्यावरून दोन्ही नावं एकच मानू नयेत. मला नदीवरून राज्य आणि राज्यावरून लोक, हा क्रम जास्त पटतो.

आणि मलेशिया हे देशाचं नाव तर 1963 चं आहे.