तपास लावणाऱ्या हवालदारांचा सत्कार कसा करावा?

प्रश्न : गेल्या वर्षी आमच्या घरी चोरी होऊन आईचे दागिने गेले. ठाण्यातील एका हवालदारांनी दुकानोदुकानी फिरून सीसीटीव्ही चित्रीकरण तपासले आणि चोरटे पकडले. न्यायालयाच्या आदेशाने दागिने आम्हाला परत मिळाले. खटला मात्र अजून सुरू व्हायचा आहे. आमचे गणेशोत्सव मंडळ शाल, श्रीफळ आणि 11,000 रुपये देऊन त्यांचा जाहीर सत्कार करू इच्छिते. हे योग्य होईल का? त्यांना राष्ट्रपती पोलीस पदक मिळावे म्हणून आम्हाला अर्ज करता येईल का?
– एक वाचक, सांगली जिल्हा

उत्तर : आपली भावना रास्त आहे आणि ती योग्य ठिकाणी पोहोचलीच पाहिजे, पण रोख रक्कम देण्याचा विचार आजच सोडून द्यावा. शासकीय कर्मचाऱ्याने पूर्वपरवानगीशिवाय भेटी घेऊ नयेत आणि स्वतःच्या जाहीर गौरवसमारंभात सहभागी होऊ नये, असे वर्तणूक नियम सांगतात. त्याहून महत्त्वाची बाब अशी की, हे हवालदार उद्या त्याच खटल्यात साक्षीदार म्हणून उभे राहणार आहेत. फिर्यादीच्या मंडळाकडून त्यांनी पैसे आणि सत्कार स्वीकारला, हा मुद्दा बचाव पक्षाचा वकील उलटतपासणीत काढल्याशिवाय राहणार नाही, आणि ज्या तपासाचे आपण कौतुक करता त्यालाच त्यामुळे बाधा येईल.

खरा उपयोग होतो तो पत्राचा. जिल्ह्याच्या पोलीस अधीक्षकांना सविस्तर पत्र लिहून त्याची प्रत ठाण्याच्या प्रभारी अधिकाऱ्यांना द्यावी. त्यात गुन्हा रजिस्टर क्रमांक, हवालदारांचे नाव आणि बक्कल क्रमांक, तसेच आपण स्वतः पाहिलेले काम नेमकेपणाने लिहावे. ‘उत्कृष्ट काम केले’ एवढ्या वाक्याने काहीच साधत नाही. ‘रात्रपाळी संपल्यावर घरी न जाता ते बाजारपेठेतील दुकाने उघडण्याची वाट पाहत थांबले’ असे काही आपण पाहिले असेल, तर ते तसेच्या तसे यावे. अशा कामाबद्दल वरिष्ठांना बक्षीस आणि प्रशस्तिपत्र देता येते व त्याची सेवापुस्तकात नोंद होते. शिपाई-हवालदारांच्या दृष्टीने या नोंदीचे मोल शाल-श्रीफळापेक्षा कितीतरी अधिक असते.

पदकासाठी नागरिकांनी थेट अर्ज करण्याची पद्धत नाही. प्रस्ताव खात्यातूनच तयार होतात, घटक प्रमुखांकडून (जिल्ह्यात पोलीस अधीक्षकांकडून) पोलीस महासंचालक कार्यालयाकडे, तेथून राज्याच्या गृह विभागामार्फत केंद्रीय गृह मंत्रालयाकडे जातात, आणि पदके प्रजासत्ताकदिनाच्या व स्वातंत्र्यदिनाच्या निमित्ताने जाहीर होतात. राज्यात पोलीस महासंचालकांचे सन्मानचिन्हही आहे. ते बहुधा महाराष्ट्रदिनी, 1 मे रोजी, प्रदान केले जाते. अशा प्रस्तावांत सेवापुस्तकाची छाननी होते, म्हणून आपल्या पत्रामुळे झालेली नोंद पुढे त्यांच्या उपयोगी पडू शकते.

26 नोव्हेंबर 2008 च्या रात्री गिरगाव चौपाटीवर सहायक उपनिरीक्षक तुकाराम ओंबळे यांनी हाती केवळ लाठी असताना कसाबच्या रायफलीची नळी घट्ट धरून ठेवली, गोळ्या अंगावर झेलल्या आणि त्यामुळेच तो जिवंत हाती लागला. 2009 च्या प्रजासत्ताकदिनी देशाने त्यांना मरणोत्तर अशोकचक्र दिले. ते बलिदान साऱ्या देशाला कळले, आणि कळायलाच हवे होते. चिकाटीने केलेल्या तपासाचे तसे होत नाही. त्याला बहुतेक वेळा फिर्यादीवाचून दुसरा साक्षीदार नसतो, आणि फिर्यादीनेच लिहिले नाही तर ते काम मासिक गुन्हे आढाव्यातील एका आकड्यापुरते उरते. काम फत्ते झाल्यावर ठाण्यात पेढे वाटून मोकळे होणारे अनेक जण असतात. अधीक्षकांना पत्र लिहिणारे फार थोडे, याचे मला मनापासून वाईट वाटते.

जाहीर सत्काराचा आग्रह असल्यास खटल्याचा निकाल लागेपर्यंत थांबावे. त्यानंतर मंडळाच्या लेटरहेडवर पोलीस अधीक्षकांकडे लेखी परवानगी मागावी आणि ती मिळाल्यावरच, त्यांच्याच हस्ते, समारंभ करावा. अधीक्षकांना पाठवायचे पत्र मात्र याच आठवड्यात लिहावे, कारण बदली झाल्यावर हवालदार आणि अधिकारी दोघेही दुसरीकडे जातात, आणि नव्याने आलेल्या अधिकाऱ्यांना त्या तपासाची काहीच माहिती नसते.